डोळा न काढता थेंबांनी गाठ विरघळवतो म्हणाले. १,८६,६०० रुपये आणि ४७ दिवस गेले

आधी आकडा सांगतो, कारण पोलिसांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मुलीच्या डोळ्याचा कॅन्सर थेंबांनी बरा करतो म्हणणाऱ्याला दिलेले १,८६,६०० रुपये. एकाही रकमेची पावती नाही. ४७ दिवस गेले, त्यांचं मात्र कुणी विचारलं नाही.

माझं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. बी.एस्सी. ॲग्री झालोय, अडाणी नाही. हे आधीच सांगतो, कारण 'शिकल्यासवरलेला माणूस असा कसा फसला' हे मी घरात आणि बाहेर इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही.

मुलगी सव्वादोन वर्षांची. धाकट्याच्या बारशाला, २ जूनला, मेव्हण्याने तिला पाळण्याशेजारी बसवून फोटो काढला. उजव्या डोळ्यात फ्लॅशचा लाल ठिपका आणि डाव्यात पांढरी चमक, रात्री मांजराच्या डोळ्यात दिसते तशी. आम्ही मोबाईलला दोष दिला. पुढच्या फोटोतही तेच. डोळा जरा तिरळाही वाटायचा, आई म्हणायची लहानपणी असतो, जातो आपोआप. तुमच्या घरात पाच वर्षांखालचं मूल असेल आणि फोटोत एकाच डोळ्यात अशी पांढरी चमक येत असेल, तर माझी कहाणी नंतर वाचा. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगा.

२४ जुलैला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तिला भूल देऊन तपासलं. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. उजवा डोळा स्वच्छ. डाव्यातला आजार 'ई' गटात. या आजाराचे 'ए' ते 'ई' असे गट पाडतात आणि 'ई' म्हणजे शेवटचा. डॉक्टर म्हणाले, हा डोळा काढावा लागेल, ३१ जुलैची तारीख देतो. डोळ्यामागची नस थेट मेंदूकडे जाते, आजार त्या वाटेला लागायच्या आत डोळा निघाला पाहिजे. मी विचारलं, आधी तुकडा काढून तपासत नाही का? ते म्हणाले, यात सुई घालून तुकडा घेत नाहीत, सुईच्या वाटेने पेशी बाहेर पडण्याची भीती असते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे याच वाक्यावर माझा गळा कापला गेला.

बाहेर आलो तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. बायको धाकट्याला घेऊन गावाकडे, मुलगी भुलीतून उठून माझ्या खांद्यावर. आई फोनवर रडत होती, पोरीच्या जातीला डोळा काढून कसं चालेल, पुढे तिचं कोण करील. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे, तिथे बसलो. शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "दादा, डोळा काढायला सांगितला का? डावा ना?"

डावा. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. मुलीचं तोंड माझ्या खांद्यात होतं, कोणता डोळा आजारी आहे ते त्याला दिसणं शक्यच नव्हतं. आतल्या कुणीतरी त्याला कळवल्याशिवाय हे त्याला ठाऊक असणं शक्य नाही. हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्या क्षणी मला तो देवाने पाठवलेला माणूस वाटला. ज्यांना वाटतं आपण फसलो नसतो, त्यांनी त्या बाकावर दहा मिनिटं बसून बघावं.

त्याच्या 'भाच्याचा' डोळा असाच वाचला होता. त्याने एका 'डॉक्टरां'शी फोन जोडून दिला. नाव लिहीत नाही, ते खोटंच निघालं. आवाज मऊ, शब्द पक्के. मांडीच्या रोहिणीतून नळी घालून डोळ्यापर्यंत मेल्फालन हे कॅन्सरचं औषध पोचवतात, तेच औषध आम्ही परदेशी पद्धतीने थेंबात देतो, म्हणाला. रात्री मी मोबाईलवर शोधलं. मेल्फालन खरं निघालं, मांडीतून नळी घालणंही खरं निघालं. म्हणून बाकीचंही खरं असेल असं धरून चाललो. पुढे तो म्हणाला, "पुन्हा भूल देऊन तपासायला नेऊ नका, डोळ्याला हात लागला की पसरतं. तुमच्या डॉक्टरांनीच सांगितलं असेल." सांगितलं होतंच की! पण ते सुई घालून तुकडा घेण्याबद्दल होतं. भूल देऊन नुसतं बघण्याने काही पसरत नाही. जो माणूस तुम्हाला पहिल्या डॉक्टरकडे परत जाऊ नका म्हणतो, त्याचा फोन तिथेच ठेवा.

२५ जुलैला नोंदणीचे ५,१००. २७ जुलैला पहिल्या कोर्सचे ४८,५००. कुरिअरने थेंब आले.

आता त्या बाटलीबद्दल लिहितो. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. हिरवी, करंगळीएवढी बाटली. वर डोळ्याचं चित्र आणि 'दिवसातून ६ वेळा' एवढंच. मी ती हातात घेतली आणि सवयीने अंगठ्याने फिरवून बॅच नंबर शोधायला लागलो. पंधरा वर्षं मी हेच करतोय. कीटकनाशकाची बाटली आली की आधी बॅच, मग उत्पादनाची तारीख, मग नोंदणी क्रमांक. गावोगावच्या शेतकऱ्यांना मी घसा फोडून सांगतो, लेबल नसलेलं घेऊ नका, पक्कं बिल घ्या, बोगस माल असाच येतो. त्या बाटलीवर यातलं काहीच नव्हतं. मी फोन करून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, परदेशी औषधाला इथला नंबर नसतो. बाहेरून आलेल्या औषधावरही आयातीचा तपशील छापावाच लागतो, हे कुण्या शेतकऱ्याने विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं. मी "बरं" म्हणालो. माझ्या आयुष्यात मी उच्चारलेला सर्वांत महाग शब्द तो. मला तेव्हा बॅच नंबर नको होता. मला ३१ जुलै टाळायची होती.

३० जुलैला थेंब सुरू केले, ३१ ला आम्ही गेलोच नाही. रुग्णालयातून दोनदा फोन आला, मी उचलला नाही. थेंब घातले की डोळा झोंबायचा. मी तिचं डोकं गुडघ्यांत धरायचो, बायको पापणी उघडायची. पोरगी "पप्पा नको, पप्पा नको" म्हणायची. दिवसातून सहा वेळा.

विसाव्या दिवशी त्यांनी फोटो मागवला. मी काढला आणि पांढरी चमक दिसलीच नाही! घरात पेढे वाटले. मुंबईच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, ती चमक उजेड आणि नजर विशिष्ट कोनात आली तरच दिसते, मूल जरा इकडे वळलं की गायब. त्यांच्या मोबाईल ग्रुपवरचे 'आधी आणि नंतर'चे सगळे फोटो असेच असणार. फोटोवरून या आजाराचा संशय घेता येतो, तो बरा झाला हे मात्र फोटोवरून ठरत नाही. त्या फोटोच्या आनंदात १९ ऑगस्टला बायकोचं गंठण गहाण ठेवून १,१२,००० पाठवले. २ सप्टेंबरला औषध सीमाशुल्कात अडकलंय म्हणून २१,०००. ते औषध आलंच नाही.

१२ सप्टेंबरला सकाळी डोळा लाल, सुजलेला, पापणी उघडेना. पोर डोकं भिंतीवर आपटत होती. 'डॉक्टर' म्हणाला, गाठ बाहेर पडतेय, चांगली खूण आहे. त्यानंतर फोन बंद. १५ तारखेला आम्ही मुंबईत पोचलो.

तिथल्या बाई डॉक्टरांनी मला एकही टोमणा मारला नाही. वीस मिनिटं बसवून कागदावर डोळ्याचं चित्र काढून समजावलं. डोळा वाचवणारे उपचार खरोखर आहेत: लेझर, गाठ गोठवणं, शिरेतून केमो, मांडीतून नळीने मेल्फालन, डोळ्याच्या आतल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशींसाठी खास काळजी घेऊन दिलेलं इंजेक्शन, काही दिवस डोळ्याला टाचून ठेवायची रुथेनियमची किरणोत्सारी चकती. ती चकती आता भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच तयार केली आहे. बाहेरून रेडिएशन आता शक्यतो टाळतात, कारण काही मुलांना त्यामुळे पुढे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. यातलं कोणतं कुणाला चालेल हे भूल देऊन आतून बघितल्यावरच ठरतं. थेंब या यादीत कुठेच नाहीत. आणि 'ई' गटातल्या, नजर गेलेल्या डोळ्यापेक्षा जीव मोठा, हे त्यांनी इतक्या साध्या शब्दांत सांगितलं की मला वाटलं, हे वीस मिनिटांचं बोलणं जुलैमध्ये कुणी केलं असतं तर. पहिल्या रुग्णालयात रांगेत शंभर माणसं होती, मान्य आहे. पण ती वीस मिनिटं टपरीवरच्या माणसाने दिली.

१८ सप्टेंबरला डोळा काढला. पॅथॉलॉजीत आजार नसेत शिरलेला निघाला, म्हणून वर सहा केमो: व्हिन्क्रिस्टीन, इटोपोसाइड, कार्बोप्लॅटिन. ३१ जुलैलाच काढला असता तर केमो टळली असती का? डॉक्टर म्हणाल्या, खात्रीने सांगता येत नाही. मला तेवढं उत्तर पुरेसं आहे. तिच्या उशीवरचे केस मी गोळा करत होतो.

ऑपरेशन आणि केमो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झाली. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने रेशनकार्ड आणि आधार घेऊन मंजुरी आणली. खरे उपचार योजनेत बसले आणि बोगस बाटलीसाठी मी गंठण गहाण टाकलं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जायला रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे, सोबतच्या माणसालाही आहे, तो फॉर्म रुग्णालयातून मागून घ्या.

आता तक्रारीचं. तालुक्याच्या ठाण्यात म्हणाले, माणूस शहरात भेटला, हद्द तिकडची. शहरातल्या ठाण्यात म्हणाले, पैसे गावातून पाठवले, हद्द तुमची. मी झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार, म्हटलं तर साहेब म्हणाले, "कायदा शिकवू नका, पोरीकडे बघा." पोरीकडेच बघत होतो! सायबरवाले म्हणाले, माणूस तुम्हाला समक्ष भेटला होता, ही ऑनलाइन फसवणूक होत नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी फोन केला तेव्हा खातं केव्हाच रिकामं झालं होतं. पैसे गेल्याचं कळताच, घरच्यांना सांगायच्याही आधी, १९३० लावा. मी लाजेपायी आठ दिवस घालवले.

औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात बाटली घेऊन गेलो. नमुना सीलबंद लागतो, उघडलेली बाटली चालत नाही. डॉक्टरांची नोंदणी बघणाऱ्यांचं दोन ओळींचं पत्र आलं: सदर व्यक्तीची नोंद आमच्याकडे नाही, सबब कारवाई आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे खरा डॉक्टर चुकला तर त्याला विचारणारं कार्यालय आहे आणि खोट्याला कुणीच नाही? पहिल्या रुग्णालयात विचारलं, डावा डोळा त्या माणसाला कसा कळला? उत्तर मिळालं, फाटकाबाहेरचं आम्ही बघत नाही. मी फाटकाच्या आतलं विचारत होतो. शेवटी १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा छापून नेला. त्याच्या परिशिष्टात कॅन्सर आहे, मोतीबिंदू आहे, अंधत्व आहे. यावर इलाज असल्याची जाहिरात करणंच गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. ठाण्यातल्या अंमलदाराने कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "जाहिरात कुठे छापून आली होती?" ग्रुपवरची जाहिरात त्यांच्या लेखी जाहिरातच नव्हती.

दुसरं मत घ्यायचं तर जरूर घ्या, तुमचा हक्क आहे. पण ते परळच्या टाटा मेमोरियलमध्ये घ्या, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसादमध्ये घ्या, चेन्नईच्या शंकर नेत्रालयात घ्या, दिल्लीच्या एम्समध्ये घ्या. आणि पहिली तारीख न मोडता घ्या. भावंडांचे डोळेही तपासून घ्या, हा आजार काही घरांत जनुकातून येतो. आमच्या धाकट्याचा पडदा तपासला, स्वच्छ आहे. ज्यांच्या पोराचा डोळा काढावा लागला त्यांच्याशी बोला, माझ्याशीही बोला. मुलीला आता तिच्या मापाचा कृत्रिम डोळा बसवलाय. अंगणवाडीच्या बाईंना कोणता तो पहिल्या दिवशी ओळखता आला नाही.

ती हिरवी बाटली माझ्या दुकानाच्या गल्ल्यात आहे, तळाशी चार-पाच थेंब शिल्लक आहेत. मुद्देमाल म्हणून जप्त करा, असा अर्ज मी तीनदा दिलाय. अजून कुणी न्यायला आलेलं नाही.