फायटरच्या हाती नवे डावपेच: २०२४ चे ‘प्लेयर्स हँडबुक’ वर्षभर वापरल्यानंतर

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून, पात्रे वठवून खेळायच्या खेळाचा डाव मांडला जातो आणि खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरची खुर्ची गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. या सहा वर्षांत एक गोष्ट मला सतत खटकत आली. ज्याने फायटर (शस्त्राने लढणारे पात्र) निवडला आहे, तो खेळाडू नेमका लढाईतच सर्वांत कमी विचार करतो. वीस बाजूंचा फासा टाकायचा, वार लागला तर नुकसान मोजायचे आणि हुकला तर फासा पुढच्याकडे सरकवून शेवउसळीच्या ताटलीकडे वळायचे, एवढेच त्याचे काम उरते. सप्टेंबर २०२४ मध्ये निघालेले नवे नियमपुस्तक ‘प्लेयर्स हँडबुक’ या दुखण्यावर काही औषध देते का, हे पाहण्यासाठीच मी ते ३८४ पानांचे पुस्तक मागवले. ज्या विक्रेत्याकडून मागवले, त्याने ते नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत पाठवल्यामुळे पुठ्ठ्याचा एक कोपरा चेपलेला आला, ४९.९९ डॉलर छापील किमतीच्या पुस्तकाचे असे हाल पाहून वाईट वाटले, पण बांधणी मजबूत असल्याने वर्षभराच्या हाताळणीतही पाने सुटलेली नाहीत.

दुखणे तसे जुनेच आहे. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीपासून तलवारवाला आणि मंत्रवाला यांच्यातला तोल हा या खेळातला कायमचा वाद राहिला आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने फायटरलाही विझर्डसारख्याच (मंत्रवाल्यासारख्याच) मोजून वापरायच्या शक्ती दिल्या, तेव्हा सगळी पात्रे एकाच साच्यातली वाटू लागल्याची तक्रार झाली. २०१४ मध्ये पुन्हा साधेपणाकडे वळताना फायटरची बरीचशी निवडच काढून घेतली गेली. नव्या पुस्तकाने यातून जी वाट काढली आहे तिचे नाव ‘वेपन मास्टरी’. प्रत्येक शस्त्राला एक ठरावीक गुण दिला आहे आणि पहिल्या लेव्हलच्या फायटरला अशा तीन प्रकारच्या शस्त्रांचे गुण वापरता येतात. आमच्या टेबलासाठी मी या गुणांचा मराठी तक्ता करून भिंतीवर चिकटवला. त्यात ‘ग्रेझ’ला ‘ओझरता वार’, ‘पुश’ला ‘ढकलणे’ आणि ‘टॉपल’ला ‘पाडणे’ असे लिहिले, परंतु मुले अजूनही ‘टॉपल’च म्हणतात.

ओझरत्या वाराचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पाचव्या लेव्हलचा, अंगात +४ बळ असलेला फायटर ग्रेटसोर्ड घेऊन १५ आर्मर क्लासच्या (म्हणजे वार लागायला फासा आणि बोनस मिळून किमान १५ हवेत अशा) शत्रूवर चालून गेला, तर त्याचा वार लागण्याची शक्यता ६५ टक्के असते आणि लागलेला वार सरासरी ११ नुकसान करतो. म्हणजे, क्रिटिकल (फाशावर २० पडल्यावरचे जादा नुकसान) बाजूला ठेवले तर, एका वारामागे साधारण ७.१५ पडतात. ग्रेझमुळे हुकलेला वारही ४ नुकसान करून जातो, आणि तीच सरासरी ८.५५ वर पोहोचते. वाढ सुमारे वीस टक्क्यांची आहे, पण माझ्या दृष्टीने तिच्यापेक्षा महत्त्वाचे हे की हुकल्यावर फासा सरकवून ताटलीकडे वळणारा माझा भाचा आता ‘चार लिहा, मामा’ असे बजावून सांगतो.

तरीही ग्रेझमध्ये डावपेच असा काही नाही. तो टॉपलमध्ये आहे, आणि कटकटही तिथेच आहे. मागच्या पावसाळ्यातल्या एका डावात भाच्याने बॅटलअॅक्सच्या वाराने ओगर या राक्षसाला पाडायचे ठरवले. त्याच्या वाराला ओगरने कॉन्स्टिट्यूशनचा (चिवटपणाचा) १५ चा सेव्ह करायचा होता, म्हणजे बचावासाठी फासा टाकून बोनससह किमान १५ गाठायचे होते, आणि ओगरचा बोनस +३ असल्यामुळे तो पडण्याची शक्यता ५५ टक्के होती. ओगर पडला, टेबलावर जल्लोष झाला, आणि पुढची पाळी आली माझ्या पुतणीची, जिचे पात्र साठ फुटांवरून धनुष्य चालवते. आडव्या पडलेल्या शत्रूवर जवळून वार करणाऱ्याला अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा) मिळतो, पण पाच फुटांपलीकडून बाण मारणाऱ्याला उलट डिसअॅडव्हान्टेज (दोनांतला लहान आकडा) लागतो. ‘तू त्याला पाडलंस कशाला? निदान माझा बाण तरी सुटू द्यायचास!’ असे म्हणून ती जी उखडली, ती पुढची दहा मिनिटे शांत झाली नाही. तिचे दोन्ही बाण हुकले, लगेच ओगरची पाळी आली आणि तो अर्धी चाल खर्चून निवांत उभा राहिला. पुढच्या रविवारी मात्र ही दोघे आधीच ठरवून आली होती: इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या क्रमात, फायटरनंतर जवळून लढणारा क्लेरिक असेल तर पाडायचे, धनुष्यवाली असेल तर वॉरहॅमर घेऊन दहा फूट ढकलायचे. माझ्या टेबलावर फायटरने दुसऱ्याच्या पाळीचा विचार करून शस्त्र निवडल्याचे मी प्रथमच पाहिले.

कटकट अशी की, पाचव्या लेव्हलपासून फायटर एका पाळीत दोन वार करतो आणि लागलेल्या प्रत्येक वारामागे डंजन मास्टरला एक सेव्ह टाकावा लागतो. त्याच पाळीत जादा कृती देणारा अॅक्शन सर्ज वापरला की हेच चार वेळा. शिवाय नव्या नियमांत प्रत्येक वाराबरोबर एक शस्त्र काढण्याची किंवा ठेवण्याची मुभा असल्यामुळे, पहिला वार एका शस्त्राने आणि दुसरा दुसऱ्याने अशी अदलाबदल सुरू होते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या जुन्या आखाड्यात ज्याने लाठी फिरवली असेल, त्याला खांद्यावर अख्खे शस्त्रागार घेऊन लढणारा हा वीर हास्यास्पदच वाटेल. मी घरचा नियम केला आहे: एका पाळीत शस्त्र एकदाच बदलायचे आणि टॉपलचा सेव्हही एकदाच मागायचा.

जो तोल या पुस्तकाने साधलेला नाही, तो विश्रांतीच्या हिशेबाचा आहे. पाचव्या लेव्हलच्या विझर्डचा फायरबॉल वीस फूट त्रिज्येत सेव्ह फसलेल्या प्रत्येकावर सरासरी २८ नुकसान टाकतो. त्याच लेव्हलचा फायटर दोन्ही वार लागले तर एकाच शत्रूवर २२ टाकतो. फरक एवढाच की विझर्डला असे मंत्र रात्रीच्या विश्रांतीपर्यंत दोनदा, आणि शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) ‘आर्केन रिकव्हरी’ वापरली तर फार तर आणखी एकदा टाकता येतात, तर फायटरची तलवार संपत नाही. खेळातल्या एका दिवसात सहा ते आठ झटापटी होतील, असे २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ने धरले होते, आणि तसे झाले तरच हे गणित जमते. आमच्या चार तासांच्या रविवारात दोन लढाया झाल्या तरी पुष्कळ. साहजिकच विझर्ड मनसोक्त उधळपट्टी करतो आणि फायटर मागे पडतो. यावर मी योजलेला उपाय पुस्तकात नाही: खेळातला एक दिवस मी तीन रविवारांवर ताणतो आणि मधे तासाभराची शॉर्ट रेस्ट देतो, म्हणजे अॅक्शन सर्ज दर वेळी परत येतो, पण विझर्डला दिवसातून एकदाच्या आर्केन रिकव्हरीपलीकडे मोठे मंत्र परत मिळत नाहीत.

लढाईबाहेरही फायटरला थोडे काम मिळाले आहे. दुसऱ्या लेव्हलपासून ‘टॅक्टिकल माइंड’मुळे सेकंड विंडचा (स्वतःच्या जखमा भरण्याच्या शक्तीचा) एक वापर खर्चून फसलेल्या अॅबिलिटी चेकमध्ये (भिंत चढण्यासारख्या प्रयत्नासाठी टाकलेल्या फाशात) दहा बाजूंच्या फाशाची भर घालता येते, आणि त्यानेही चेक फसलाच तर तो वापर फुकट जात नाही. ही सवलत लहानशी असली तरी फार विचारपूर्वक दिलेली आहे.

ज्यांच्याकडे २०१४ चे पुस्तक आहे, त्यांनी लगेच पैसे घालू नयेत. एप्रिल २०२५ मध्ये विनामूल्य खुल्या झालेल्या एसआरडी ५.२ या नियमसंचात वेपन मास्टरी आणि फायटरचा चॅम्पियन हा सबक्लास (उपप्रकार) आहे. त्यावर दोन-चार रविवार खेळून पाहावे. बॅटल मास्टर, एल्ड्रिच नाइट किंवा साय वॉरियर हा सबक्लास नव्या नियमांत हवा असेल, तेव्हा मात्र हे पुस्तक घ्यावेच लागेल. आमची प्रत सध्या भाच्याकडे आहे, कारण त्याला चॅम्पियन सोडून बॅटल मास्टर व्हायचे आहे.