दोनशे रुपयांचं साऊंड कार्ड आणि गायब झालेली पेटी

आधीच सांगतो, मी काही ऑडिओवाला माणूस नाही, तीस हजाराचे हेडफोन आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरी वगैरे माझ्याकडे नाहीत. घरी नऊ वर्षं जुना डेस्कटॉप आहे, त्याला पुढच्या बाजूला हेडफोन लावला की नुसता माऊस हलवला तरी कानात कर्रर्र व्हायचं, इतकी वर्षं तसंच चालवून घेतलं. पण यंदा बाबांनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, आत एकतीस कॅसेट, आणि म्हणाले हे सगळं कॉम्प्युटरवर घे, टेप फार दिवस टिकणार नाही आता. मग साऊंड कार्ड घेणं आलं, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आवाज आत घेणारी आणि बाहेर काढणारी वस्तू.

घेण्याआधी एक फुकटचा उपाय. पुढे खरखर येत असेल तर हेडफोन सीपीयूच्या मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून ग्राफिक्स कार्ड, पंखा, हार्ड डिस्क सगळ्यांच्या शेजारून फिरत येते आणि वाटेतली सगळी कुरकुर गोळा करते. माझं अर्धं काम तिथेच झालं. फक्त गाणी ऐकायची असतील तर कदाचित तुमचंही होईल, पैसे वाचवा आणि भेळ खा.

मला मात्र रेकॉर्ड करायचं होतं. गेलो पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. शनिवारी जाऊ नका, दगडूशेठची गर्दी आणि गल्लीतली गर्दी एकत्र होते, स्कूटर लावायला अर्धा तास गेला. एका दुकानात सांगितलं, स्वस्तातलं साऊंड कार्ड दाखवा, यूएसबीवालं. त्याने पेन ड्राइव्हएवढी एक चपटी वस्तू काउंटरवर टाकली, एक हिरवं भोक, एक गुलाबी भोक, बाजूला आवाजाची बटणं, दोनशे वीस रुपये. विचारलं, "स्टिरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा) आहे ना?" तर तो हसलाच. "अहो साहेब, सेव्हन पॉइंट वन आहे, स्टिरिओ काय घेऊन बसलात!"

पाकिटावर खरंच ७.१ छापलं होतं. आता मला सांगा, एका हिरव्या भोकातून, ज्यातून डावा आणि उजवा असे दोनच आवाज बाहेर पडू शकतात, त्यातून आठ स्पीकरचा आवाज कुठून येणार? ते सगळं सॉफ्टवेअरमधलं नाटक असतं, घुमल्यासारखा आवाज करून देतात. पण त्या दिवशी दुकानदाराचं हसणं बघून मी गप्प बसलो आणि दोनशे दिले, वीस त्याने सोडले.

घरी आलो, टू-इन-वनच्या (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र) हेडफोन जॅकमधून वायर काढून त्या गुलाबी भोकात घातली, ऑडॅसिटी चालू केलं (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, याच्यापुढे काही लागत नाही) आणि पहिली कॅसेट लावली, १९९१ च्या गणपतीतलं आमच्या आळीच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग. बाबांनी तेव्हा नवाच घेतलेला दोन माइकवाला टू-इन-वन सतरंजीच्या मधोमध ठेवून केलेलं. डाव्या बाजूला पखवाज, उजव्या बाजूला नाना पेटी घेऊन.

रेकॉर्ड झालं, बाबांना हेडफोन दिला. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "नानांची पेटी कुठंय यात?"

मला आधी वाटलं टेप खराब झाली असेल. टू-इन-वनवर तीच कॅसेट लावली तर पेटी अगदी व्यवस्थित. मग कॉम्प्युटरवर झूम करून बघितलं तर आवाजाची डावी लाट आणि उजवी लाट हुबेहूब सारखी, एका मापाचे दोन शर्ट शिवल्यासारखी. खात्री करायची तर एक सोपी युक्ती आहे, स्टिरिओ ट्रॅकचे दोन भाग वेगळे करायचे, एक भाग उलटा करायचा आणि दोन्ही एकत्र मिसळायचे. दोन्हीकडे वेगवेगळं वाजत असेल तर काहीतरी ऐकू येतं. सारखंच असेल तर एकमेकांना खाऊन टाकतात. माझ्याकडे शून्य, सरळ रेष. म्हणजे त्या वस्तूने फक्त डावी बाजू घेतली होती, तीच दोन्हीकडे चिकटवली, आणि उजवीकडचे नाना बसले बाहेर. पखवाजाच्या माइकमध्ये लांबून जेवढी पेटी शिरली होती तेवढीच उरली.

तर मुद्दा हा आहे. या स्वस्त यूएसबी कार्डांवर स्टिरिओ लिहिलेलं असतं ते बाहेर येणाऱ्या आवाजाबद्दल. आत जाणारं भोक माइकसाठी असतं आणि माइक म्हणजे मोनो, एकच चॅनल. यातल्या बऱ्याचशा वस्तूंच्या पोटात सी-मीडिया कंपनीची सीएम१०८ किंवा तिच्या जातीची चिप असते, तिची रचनाच तशी आहे, बाहेर दोन, आत एक. खोटं कोणी बोलत नाही, फक्त कोणत्या बाजूबद्दल बोलतोय ते सांगत नाही. आणि दुसरी भानगड म्हणजे माइकचा आवाज मुळात अगदी बारीक असतो म्हणून ते भोक आलेला आवाज आतल्या आत बराच वाढवून घेतं, त्यात टू-इन-वनचा दणदणीत आवाज सोडला की तो फाटतो. मी आवाज एकवर ठेवला तरी टाळ फाटत होते.

म्हणजे तुम्हाला शोधायचंय ते लाइन-इन, म्हणजे टू-इन-वनसारख्या यंत्राचा मोठा आवाज घेणारं भोक, आणि तेही दोन चॅनलचं. डेस्कटॉपच्या मागे निळं भोक असेल तर ते हेच, आधी तेच वापरून बघा. माझं निळं भोक मेलेलं आहे, २०१९ च्या पावसात वीज पडली तेव्हापासून.

बरीच शोधाशोध करून शेवटी बेहरिंगर कंपनीचं यूसीए२०२ नावाचं यूएसबी साऊंड कार्ड घेतलं, ऑनलाइन, अडीच-तीन हजारांच्या मध्ये पडलं. साधारण कॅसेटएवढंच आहे, फक्त जाड. लाल-पांढरी दोन भोकं आत जायला, दोन बाहेर यायला, हेडफोनचं वेगळं आणि त्याला आवाजाची चकती. यूएसबीची वायर डब्यालाच जोडलेली. ड्रायव्हर वगैरे काही टाकायला लागलं नाही, लावलं की 'यूएसबी ऑडिओ कोडेक' असं नाव दिसतं. माइकचं भोक नाही, इनपुटला आवाज कमीजास्त करायचं बटण नाही, म्हणजे टू-इन-वनवरच आवाज जमवायचा, मी सगळ्यात मोठा आवाज ऑडॅसिटीत उणे सहा डेसिबलच्या आसपास येईल असा ठेवतो. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ (आवाज किती बारकाईने साठवतो त्याची मापं), बस. २४ बिट १९२ वालं घे म्हणून मित्र मागे लागला होता, पण कॅसेटची स्वतःची सूंऽऽ इतकी असते की १६ बिटसुद्धा तिला सैल होतात. एक तासाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जाने साधारण ६३५ एमबी होतं, उगाच सहा-साडेसहापट कशाला करा.

आणि आता गंमत. पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तर परत दोन्ही लाटा सारख्याच! डोकं फिरलं, म्हटलं तीन हजार पाण्यात. पण कार्डाचा दोष नव्हता, कॉम्प्युटरच त्याला माइक समजून बसला होता. साऊंडच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या यादीत त्याच्या नावावर जाऊन अॅडव्हान्स्डमध्ये बघितलं तर १ चॅनल निवडलेलं. ते २ चॅनल, १६ बिट, ४८००० केलं, ऑडॅसिटीतही स्टिरिओ निवडलं, आणि लाटा वेगळ्या झाल्या. हे सेटिंग आधी बघा, नाहीतर चांगली वस्तू परत पाठवाल.

१९९१ वरून आठवलं, क्रिएटिव्ह कंपनीचं पहिलं साऊंड ब्लास्टर कार्ड १९८९ ला आलं ते मोनोच होतं, स्टिरिओ आलं १९९१ च्या साऊंड ब्लास्टर प्रोमध्ये. म्हणजे आमच्या आळीतली सतरंजी आणि ते कार्ड एकाच वर्षी स्टिरिओ झाले.

फक्त ऐकायचंच असेल आणि बजेट हजाराच्या आसपास असेल तर अॅपलचा तो टाइप-सी ते हेडफोन जॅकवाला छोटा तुकडा, कॉम्प्युटरलाही चालतो, आवाज एकदम स्वच्छ. माइक मात्र तिथेही मोनोच, त्यामुळे कॅसेटसाठी नाही. कॅबिनेटच्या आत बसणारी कार्डं मी बघितलीच नाहीत, जुनी पीसीआयवाली स्वस्तात मिळतात पण नव्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो.

शेवटी एक हूंऽऽ राहिली होती मागे, पंख्यासारखी. टू-इन-वन एका प्लगमध्ये आणि कॉम्प्युटर समोरच्या भिंतीवरच्या दुसऱ्या प्लगमध्ये होता, दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणले तर गेली. दोनशेवाली वस्तू आईच्या लॅपटॉपला लावलीय, मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलायला, तिथे एकदम झकास चालतीय, एक तोंड असतं ना बोलणारं. बाबांनी नवीन रेकॉर्डिंग ऐकलं, हेडफोन उजव्या कानावर दाबून धरला आणि म्हणाले, "दुसऱ्या अभंगात नानांनी चुकवलंय बघ इथे, तेव्हा कबूल नव्हते करत."