चार महिने तळ्याकाठी वापरलेला कार्बन ट्रायपॉड: सगळी भानगड सर्वांत खालच्या लॉकची

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कॅमेऱ्याचा हा कार्बन फायबरचा ट्रायपॉड पवई, पवना आणि भंडारदरा या तीन पाण्यांच्या काठी उभा राहिला. चार भागांचे पाय, वरची नळी २८ मिलिमीटरची, नळ्या हव्या त्या लांबीला धरून ठेवणारी, फिरवून बंद होणारी (ट्विस्ट) लॉक. उंची, घडी, किती वजन पेलतो हे आकडे सगळीकडे मिळतात, ते पुन्हा देत नाही. जानेवारीत एक पाय सरकायला लागला म्हणून हे लिहितोय, आणि बहुतेक सगळं सर्वांत खालच्या लॉकबद्दलच आहे.

लक्षण असं. ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये (म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोत) डोंगराची कड दुहेरी उमटते. पहिली शंका लेन्सवर जाते, दुसरी स्टॅबिलायझेशनवर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय; ट्रायपॉडवर ती बंदच ठेवावी). पण ओळीने काढलेल्या फ्रेम शेजारी शेजारी ठेवल्या की कळतं: पहिलीत पाण्याची रेघ सरळ, पाचवीत एका बाजूला उतरलेली. म्हणजे एक पाय हळूहळू आखूड होतोय.

हे हिवाळ्यातच का होतं? पावसाळा संपताना धरण काठोकाठ असतं. नंतर पाणी मागे सरकतं आणि कालपर्यंत बुडालेली जमीन उघडी पडते. वरून सुकलेला पापुद्रा, खाली मऊ गाळ. फोटोसाठी नेमकी हीच जागा हवी असते, कारण पाण्याशी लगटून खाली वाकलं की प्रतिबिंब पूर्ण मिळतं. ट्रायपॉड उभा केला की पाय दहा-पंधरा सेंटीमीटर आत जातो आणि खालचं लॉक चिखलात बसतं. गाळ वाळूपेक्षा कितीतरी बारीक. कॉलरच्या, म्हणजे लॉकच्या फिरवायच्या कड्याच्या, फटीतून तो आट्यांत शिरतो, तिथून आतल्या फाकलेल्या प्लॅस्टिकच्या कडीपर्यंत पोचतो. कॉलर आवळली की ही कडी नळीला पकडते. तिच्यावर गाळाचा थर बसला की पकड गेली. मग आपण जोर लावून आवळतो आणि तोच गाळ आटे घासून टाकतो.

उपाय साधा आहे, पण शिकवलेल्याच्या उलट. ट्रायपॉड उघडताना जाड नळ्या आधी बाहेर काढायच्या, बारीक शेवटी, हे बरोबरच आहे. बारीक नळी जास्त थरथरते. काठावर मात्र सर्वांत खालची नळी आधी पूर्ण बाहेर काढायची. तिचं लॉक तीस-एक सेंटीमीटर वर जातं आणि चिखलापासून सुटतं. बाकी उंची वरच्या जाड नळीतून घ्यायची, मधली शक्यतो बंद ठेवायची. कॅमेरा आणखी वर नेणारा मधला दांडा तर उचलूच नये.

पायांच्या टोकाला लावायचे टोकदार खिळे गाळात काही कामाचे नाहीत, ते आणखी आत शिरतात. दहा सेंटीमीटर व्यासाच्या प्लायवूडच्या तीन चकत्या कापून पायांखाली ठेवल्या की बुडणं जवळजवळ थांबतं. पाय रोवल्यावर वरून एकदा दाब द्यायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग फ्रेम लावायची. पवईला याची गरज पडत नाही. फरसबंदीवरून चांगली फ्रेम मिळते, आणि तळ्यात मगरी आहेत, त्यामुळे जलपर्णीच्या कडेला उतरायचंच नाही.

सफाईबद्दल माझं मत मध्येच बदललं. पहिल्यांदा लॉक उघडून धुतलं, सगळीकडे ग्रीस लावलं आणि पाय आधीपेक्षा जास्त घसरला. दोष ग्रीसचा होता. आता क्रम असा: कॉलर पूर्ण उलगडायची, नळी ओढून काढायची. नळीच्या वरच्या टोकाला दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्या निखळून पडतात. कुठली बाजू वर होती याचा आधी मोबाइलवर फोटो काढायचा. सगळं गोड्या पाण्यात धुवायचं, आटे जुन्या टूथब्रशने घासायचे. कडी आणि नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. रात्रभर सावलीत वाळवायचं. लिथियम ग्रीस फक्त कॉलरच्या आट्यांना, तेही बोटाने पुसून उरेल तेवढंच. कडीला अजिबात नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारू नये. तो आत झिरपतो, पकड घालवतो आणि पुढचा गाळ धरून ठेवतो.

लॉक धरतंय का हे घरीच तपासता येतं. बाथरूममधल्या वजनकाट्यावर एक पाय उभा धरायचा, नळीवर लॉकपाशी पेन्सिलची खूण करायची आणि १५ किलो दिसेपर्यंत वरून दाबायचं. खूण आत गेली तर लॉक गेलं.

इतकं करूनही एक पाय सरकत राहिला, कारण कडी आतून झिजून गुळगुळीत झाली होती. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पूर्ण पाय बदलायला सांगितला, ट्रायपॉडच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात. प्लॅस्टिकच्या एका कडीसाठी! सुटा भाग मिळत नाही हे उत्तर तीनदा ऐकलं. कडीचा फोटो आणि नळीची जाडी लिहून पाठवल्यावर तोच भाग चौथ्या वेळी मिळाला, दोनशे रुपयांत. हा राग अजून गेलेला नाही.

तरीही डिसेंबरमधलं मत मागे घेतो. तेव्हा वाटलं होतं, खटक्याचं लॉक घ्यायला हवं होतं. पण ट्विस्ट लॉक कुठल्याही हत्याराशिवाय तळ्याकाठीच उघडून धुता येतं. आणि कार्बनचं सुख वेगळं आहे. भंडारदऱ्याच्या पहाटे ॲल्युमिनियमचा पाय हाताला डसतो, हा नाही. थरथर लवकर शमते, म्हणून दोन सेकंदांचा टायमर पुरतो. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश दहा वेळा निम्मा करणारी काच) लावल्यावर १/३० सेकंदाचे साधारण ३४ सेकंद होतात. धुकं असेल तर पाऊण ते एक स्टॉप वाढवावा लागतो, नाहीतर पांढरं धुकं राखाडी येतं. म्हणजे मिनिटभराचं एक्स्पोजर. तेवढा वेळ लॉक नीट असेल तर हा ट्रायपॉड हलत नाही.

शिवडीच्या किंवा ठाणे खाडीच्या चिखलात मात्र हा न्यायचा नाही. फ्लेमिंगोंसाठी तिथे जुना ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड बरा. खारं पाणी, कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की जोडाशी असलेला ॲल्युमिनियमचा भाग साध्या गंजापेक्षा झपाट्याने खाल्ला जातो, आणि तो भाग सुटा मिळत नाही.

नवीन घेणाऱ्यांनी दुकानात एकच प्रश्न विचारावा: खालच्या लॉकची कडी सुटी मिळते का. मिळत असेल तर त्याच बिलात तीन घ्या.