ब्रिटनचे छत्र की फ्रान्सचे?

अमेरिकेच्या अण्वस्त्रांवर आजवर विसंबून राहिलेल्या जर्मनी, पोलंडसारख्या देशांत सध्या एक प्रश्न गांभीर्याने चर्चिला जातो: वॉशिंग्टनने उद्या हात आखडता घेतला, तर आसरा ब्रिटनचा घ्यावा की फ्रान्सचा? आकडे येथे फारसे उपयोगी पडत नाहीत. २०२५ च्या अंदाजानुसार ब्रिटनकडे सुमारे २२५, तर फ्रान्सकडे सुमारे २९० अण्वस्त्रे होती आणि रशियाच्या हजारोंच्या साठ्यापुढे दोन्ही संख्या तोकड्याच आहेत. क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्याही दोघांकडे चार-चारच.

खरा फरक मालकीचा आहे. ब्रिटिश पाणबुड्यांवरील ट्रायडंट क्षेपणास्त्रे अमेरिकेबरोबरच्या सामायिक साठ्यातून येतात आणि त्यांची मोठी देखभाल जॉर्जिया राज्यातील किंग्ज बे तळावर होते. ती डागण्याचा निर्णय ब्रिटिश पंतप्रधान स्वतंत्रपणे घेऊ शकतात, हे खरे. परंतु अमेरिकेने सहकार्य थांबवले, तर ही व्यवस्था फार काळ टिकणार नाही, असे मानण्यास जागा आहे. ज्या भीतीपोटी पर्याय शोधायचा, तीच या पर्यायाच्या पोटात दडलेली आहे. फ्रान्सने मात्र १९५६ मध्ये सुएझ कालव्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या दबावापुढे माघार घ्यावी लागल्याच्या मानहानीनंतर परावलंबन टाळण्याचा चंग बांधला आणि अण्वस्त्रांपासून पाणबुड्यांवरील एम-५१ क्षेपणास्त्रांपर्यंत सारे स्वतः घडवले. शिवाय आपल्याला परिचित असलेल्या राफेल विमानांवरूनही त्याला अण्वस्त्र डागता येते. अशी विमाने संकटकाळी मित्रदेशाच्या तळावर आणून शत्रूला दाखवता येतात. पाणबुडी दिसली, तर तिचा अर्थच संपतो. ब्रिटनने १९९८ मध्ये विमानातून टाकायचे आपले शेवटचे अणुबॉम्ब मोडीत काढले. आता तो अमेरिकी बनावटीची एफ-३५ए विमाने घेणार आहे, पण त्यांवरचे बॉम्बही अमेरिकेचेच असतील.

आश्वासनाच्या बाबतीत पारडे फिरते. ब्रिटनने १९६२ पासून आपली अण्वस्त्रे नाटोच्या संरक्षणाशी बांधून घेतली आहेत. फ्रान्स मात्र नाटोच्या अण्वस्त्र नियोजन गटात आजही बसत नाही, आणि ज्यांच्या रक्षणासाठी तो अण्वस्त्रे वापरेल त्या ‘मूलभूत हितसंबंधां’ची सीमा पोलंडची राजधानी वॉर्सापर्यंत पोहोचते की नाही, हे ठरवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांनी स्वतःकडेच ठेवला आहे.

म्हणून अमेरिका नाटोत टिकेल असा भरवसा असेल, तर ब्रिटनचे बांधील आश्वासन पुरेसे आहे. तो भरवसाच उडाला असेल, तर माझ्या मते फ्रान्सला पर्याय नाही. मात्र ज्यांनी ही चर्चा पुढे नेली, त्या फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांना २०२७ च्या निवडणुकीत पुन्हा उभे राहता येत नाही, हे लक्षात घेऊनच बोलणी करावी लागतील.