कमोडोर ६४ साठी सिड चिप घेताय? आधी हे वाचा

माझा कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक व्यवस्थित सुरू व्हायचा, निळ्या पडद्यावर ३८९११ बाइट मोकळे असल्याचं सांगायचा, गेमही लोड करायचा. गेला होता तो फक्त आवाज. आवाज काढणारी ६५८१ नंबरची सिड चिप मेली होती. १९८२ साली आलेल्या या यंत्राची निम्मी गंमत त्या चिपमध्ये आहे. मुका गेम खेळायचा तर मग आजच्या संगणकावर या यंत्राची नक्कल करणारा एम्युलेटर काय वाईट? ही चिप बनणं कधीच थांबलंय, त्यामुळे ठगांचं चांगलंच फावतं.

एका ऑनलाइन विक्रेत्याची जाहिरात होती: ‘न वापरलेला जुना साठा, तपासलेला.’ फोटोत ओळीनं मांडलेल्या कोऱ्या करकरीत चिपा, सगळ्यांवर तोच तारखेचा आकडा. वाजवून दाखवा म्हटल्यावर व्हिडिओ आला. आवाज झकास, पण कॅमेरा पडद्यावरून हललाच नाही. चिप सॉकेटमध्ये बसवण्यापासून ती वाजेपर्यंतचं सलग चित्रीकरण मागा. देत नसेल तर पुढे बोलूच नका.

चिप आली, बसवली, आवाज नाही. विक्रेता मात्र भलताच गोड. ‘‘तुमच्या बोर्डातच दोष असणार साहेब, व्होल्टेज मोजून पाठवा.’’ १२ आणि ५ व्होल्ट, दोन्ही बरोबर होते. मग ‘‘केबल बदलून बघा.’’ प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा उशिरा. तक्रारीची मुदत उलटली आणि उत्तरं बंद झाली. एवढ्यासाठीच तो गोडवा.

केबलच्या बहाण्याला कमोडोरच्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत उत्तर आहे. ‘पोक’ आकडा लिहितो, ‘पीक’ वाचतो. पोक ५४२८७,२५५ आणि पोक ५४२९०,१२८ द्या, मग पीक(५४२९९) पुन्हा पुन्हा छापा. चालू चिपवर तिसऱ्या ऑसिलेटरचा (स्वर निर्माण करणाऱ्या भागाचा) नॉइज, म्हणजे खरखर, तिथे आकड्याच्या रूपात वाचता येतो, म्हणून आकडा बदलत राहतो. यात केबलचा, स्पीकरचा काही संबंधच नाही. मित्राची चिप लावल्यावर आकडे उड्या मारत होते. विकत घेतलेलीवर एकच आकडा अडून बसलेला.

मग ॲसिटोनचा बोळा फिरवला. पांढरी छपाई गेली, काळा रंगही गेला, खाली घासलेला पृष्ठभाग. कुठल्या भंगारातली ही २८ पायांची चिप, देव जाणे! ॲसिटोन लावण्याआधी फोटो काढा आणि तक्रारही नोंदवा, नाहीतर ‘तुम्हीच खराब केलीत’ हे ठरलेलं.

पैसे गेले ते गेलेच. पुढे त्याच विक्रेत्याचा निरोप आला: निम्म्या किमतीत ८५८० देतो, तीच चिप, फक्त नवी. ८५८० ही सिडचीच नंतरची आवृत्ती, पण तिला ९ व्होल्ट लागतात आणि माझा जुना बोर्ड देतो १२. म्हणजे चुकून खरी चिप पाठवली असती, तरी ती माझ्याकडे येऊन जळण्याचीच शक्यता जास्त.