लेकीच्या गालावरचा वण आणि सिलिकॉन जेल : सात-आठ महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. सिलिकॉन जेलने वणाचा उंचवटा आणि कडकपणा गेला, निदान जायला मदत झाली. रंगात काडीचा फरक पडला नाही. वणाची रुंदी जेवढी होती तेवढीच आहे. पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा तारा जेलचा, की लेकीच्या वयाचा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

लेक साडेचार वर्षांची. दिवाळीत माझ्या माहेरी ओल्या पायांनी पळताना मोरीच्या कडप्प्याच्या धारेवर डावा गाल आपटला आणि तशीच घसरत खालच्या कोब्यावर घासली. म्हणजे जखमा दोन झाल्या. गालाच्या हाडाखाली इंचभर तिरकी चीर, आणि तिला लागूनच रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं खरचटणं. लोक विचारतात तेव्हा मी ‘गालाला लागलं होतं’ एवढंच सांगते, पण जेलबद्दल मत द्यायचं तर हे दोन डाग वेगळे धरावे लागतात. पोर तीच, जेल तेच, ऊन तेच, आणि दोन्ही डाग अगदी वेगळे वागले.

जेलच्या आधीचं थोडं सांगते, कारण पुढचं बरंचसं तिथेच ठरतं. माझ्या आईने हळद दाबली होती. रक्त थांबायला मदत झाली असेल, पण दवाखान्यात ती सगळी धुऊन काढावी लागली. प्लास्टिक सर्जननी टाके घालण्याआधी तिला दात दाखवायला लावले, डोळे गच्च मिटायला लावले, गाल फुगवायला सांगितले. गालातून चेहरा हलवणारी नस जाते आणि तोंडात लाळ आणणारी नळीही जाते. चीर खोल असेल तर ती दोन्ही शाबूत आहेत ना हे टाके घालण्याआधीच बघावं लागतं. रडणाऱ्या पोरीकडून गाल फुगवून घेणं काय असतं ते आम्हालाच माहीत. सगळ्यात जास्त वेळ मात्र टाक्यांना नाही, खरचटलेला भाग घासून धुण्यात गेला. सुन्न करूनसुद्धा ती किंचाळत होती आणि मला वाटत होतं, पुरे करा आता. डॉक्टर म्हणाले, कोब्याची काळी कचकच आत राहिली आणि वरून कातडी भरली, तर ते गोंदणासारखं राहील, मग कुठलंच मलम तिथे पोचणार नाही. आज त्या जागेवर एकही काळा ठिपका नाही. या सगळ्या प्रकरणात पैसे कुठे वसूल झाले असतील तर त्या घासण्यात.

टाके पाचव्या दिवशी काढले. चेहऱ्यावरचे टाके लवकर काढतात, जास्त ठेवले तर रेषेच्या दोन्ही बाजूंना आडव्या खुणा उमटतात. मग काही दिवस कागदी चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या. खपली आपोआप पडून खाली पूर्ण नवी कातडी आल्यावरच जेल सुरू करायला सांगितलं. उघड्या किंवा ओलसर जखमेवर हे लावायचं नसतं.

आता जेल. दिसायला पारदर्शक, वास नाही, झोंबत नाही. लहान मुलांच्या दृष्टीने हे तिन्ही गुण सोन्याचे. दिवसातून दोनदा, धुऊन कोरड्या केलेल्या गालावर अगदी पातळ थर. चार-पाच मिनिटांत वाळायला हवं. वाळलं नाही, बोट लावलं तर चिकट लागलं, म्हणजे जास्त झालं. तांदळाच्या दाण्याएवढं जेल इंचभर वणाला पुरून उरतं. ओलं असताना तिने गाल उशीला लावला तर अभ्र्यावरचा धागा न् धागा गालाला येतो, आणि खारी खाल्ली की विचारूच नका. आमच्याकडे सकाळी दूध पिताना आणि रात्री गोष्ट ऐकताना, अशा दोन वेळा ठरल्या. गोष्ट संपेपर्यंत वाळतं.

हे काम कसं करतं? त्यात औषध असं काही नाही. सिलिकॉनचा थर वणातला ओलावा उडू देत नाही, आणि ओलावा टिकला की खालच्या पेशी गरजेपेक्षा जास्त तंतू विणत बसत नाहीत, असं साधारण मानलं जातं. भाजल्याच्या वणांवर सिलिकॉनच्या पट्ट्या १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहेत. म्हणजे नवं फॅड नाही. पण कॉक्रेन ही जगभरचे वैद्यकीय अभ्यास तपासणारी संस्था, तिच्या आढाव्यात यावरचे बरेचसे अभ्यास छोटे आणि कच्चे ठरलेत, हेही खरं. डॉक्टर त्याबाबत प्रामाणिक होते. ‘नुकसान नाही, फायदा होण्याची शक्यता बरी आहे,’ एवढंच म्हणाले. मला ते आवडलं. दुकानदाराने ‘मॅडम, डाग गायब’ म्हटलं होतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कुणीतरी ठळक अक्षरांत लिहून द्यायला हवी होती : वण आधी बिघडतो. टाके काढल्यावर रेष इतकी बारीक होती की आम्ही खूश. जानेवारी येईपर्यंत ती लालबुंद, फुगलेली, हाताला सुतळीसारखी घट्ट. खाजही यायची. मी जवळपास जेल बंदच करणार होते, याच्यामुळेच होतंय असं वाटून. पण हा वणाचा स्वभावच आहे. जखम भरल्यावर पहिले काही महिने शरीर तिथे तंतू ओतत राहतं, मग हळूहळू त्यांची फेरमांडणी करतं, आणि हे काम वर्ष-दीड वर्ष चालतं. लहान मुलांची कातडी या कामात मोठ्यांपेक्षा जास्त उत्साही, त्यामुळे त्यांचे वण जास्त दिवस लाल राहतात. फुगवटा मूळ जखमेच्या हद्दीत आहे तोवर घाबरायचं नाही. हद्द सोडून बाजूच्या चांगल्या कातडीवर पसरायला लागला, तर तो केलॉइड असू शकतो आणि लगेच दाखवायचं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत केलॉइडचं प्रमाण जास्त आहे, पण ते छाती, खांदे, कानाची पाळी इथे अधिक, गालाच्या मध्यावर कमी.

मार्चपासून रेष बसायला लागली. मे-जूनपर्यंत डोळे मिटून बोट फिरवलं तर खालच्या टोकाला कळतसुद्धा नाही. वरच्या टोकाला कळतं. त्याचंही कारण आहे. कातडीला ताणाच्या ठरावीक दिशा असतात. कार्ल लँगर या ऑस्ट्रियन शरीररचनातज्ज्ञाने १८६१ मध्ये त्या नोंदवल्या आणि सर्जन अजून त्यांच्याच नावाने त्या ओळखतात. लेकीच्या चिरेचं खालचं टोक त्या रेषांच्या बाजूने गेलंय आणि वरचं त्यांना छेदून. छेदणारा भाग हसताना दरवेळी ताणला जातो, आणि ही पोरगी दिवसभर हसते. तिथे वण तांदळाच्या दाण्याएवढा रुंद आहे आणि जेलने तो अरुंद केलेला नाही. करणारही नाही.

जेलच्या जोडीला मालिशही होती. महिनाभरानंतर डॉक्टरांनी सुरू करायला सांगितली : बोटाच्या टोकाने जरा दाब देऊन गोल गोल, पाचेक मिनिटं, थेंबभर खोबरेल तेल घेऊन. मग तोंड धुऊन जेल. त्यामुळे मऊपणाचं श्रेय कुणाला द्यायचं हा प्रश्न आहेच. एक नक्की, जेल लावताना बोट फिरतं तेवढी मालिश पुरत नाही, वेगळा वेळ काढावा लागतो.

आता दुसरा डाग, खरचटलेला. तिथे टाके नव्हते, उंचवटा कधी आलाच नाही. आला तो रंग. आधी गुलाबी, मग चहासारखा तपकिरी. तिथेही मी इमानेइतबारे जेल लावलं. काही नाही. आपल्या कातडीला कुठेही सूज-जखम झाली की रंग बनवणाऱ्या पेशी जास्त रंग सोडतात, आणि ऊन लागलं की तो आणखी गडद होतो. जेल या भानगडीत पडतच नाही. आम्ही अकोल्याचे, मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा ऊन हा काही किरकोळ मुद्दा नाही. मार्चमध्ये शाळेच्या गॅदरिंगच्या सरावाला मुलं मैदानावर होती, त्या आठवड्यात डाग एकदम उठून दिसायला लागला.

मग झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ५० चं मुलांसाठीचं सनस्क्रीन आणलं. जेल पूर्ण वाळल्यावर वरून लावायचं. चेहरा जरा पांढराफटक दिसतो, डोळ्यांत गेलं तर आरडाओरडा होतो. नियमाने दर दोन तासांनी परत लावायला हवं. शाळेत कोण लावणार? त्यावर आमचा गावठी उपाय म्हणजे रुंद काठाची टोपी, आणि स्कूटीवर माझ्यासारखाच तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा. अकोल्यात उन्हाळ्यात सगळ्याच बाया डोळे सोडून पूर्ण झाकलेल्या असतात, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट मोठं झाल्यासारखं वाटलं. पावसाळा लागल्यापासून तपकिरी रंग बराच फिका झालाय. माझ्या हिशोबात या डागावरचं औषध म्हणजे दुपट्टा. जेल नव्हे.

सिलिकॉनची पट्टीही आणली होती. कापून घ्यायची, दिवसातले निदान बारा तास चिकटवून ठेवायची, रोज धुवायची, एकच पट्टी काही आठवडे चालते. हातापायाच्या वणाला उत्तम असावी. हलणाऱ्या, घामेजणाऱ्या, सतत बोलणाऱ्या गालाला नाही. रात्री लावली की सकाळी उशीखाली, केसांत, एकदा तर मांजराच्या पाठीवर सापडली. एप्रिलमध्ये तिच्याखाली घामोळ्यांसारखे बारीक पुरळ उठले, तेव्हा बंद केली. तीन-चार दिवसांत पुरळ गेले.

सल्ले भरपूर मिळाले. जायफळ उगाळून, लिंबू चोळून, कांद्याचा रस, कोरफड. व्हिटॅमिन ई ची गोळी फोडून लावायला तर अर्ध्या अकोल्याने सांगितलं. तिने वणाला फायदा होतो याला चांगला पुरावा नाही, उलट काहींना खाज-पुरळ येतं. म्हणून त्या वाटेला गेले नाही. लिंबूही नको, कातडी जळते आणि ऊन लागलं की डाग आणखी काळा. पण खरा राग आला तो एका मेडिकलवाल्याचा. मी जेल मागितलं तर त्याने ‘हे घ्या, आठ दिवसांत गोरं’ म्हणून एक क्रीम पुढे सरकवलं. खोक्याच्या मागे वाचलं तर स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन (रंग उतरवणारं) आणि ट्रेटिनॉइन (कातडीचा वरचा थर सोलणारं), तिन्ही एकत्र. हे चिठ्ठीशिवाय द्यायलाच नको. मोठ्यांच्या चेहऱ्याचीसुद्धा त्याने कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि हा साडेचार वर्षांच्या मुलीच्या गालासाठी विकत होता. खोक्यामागचं बारीक अक्षर वाचत जा.

फोटोंबद्दल एक. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून मी आठवड्यातून एकदा एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी फोटो काढत होते. पहिले काही फोटो बघून मला वाटलं, वा, काय झपाट्याने फरक पडतोय! फोन आपणहून कातडी गुळगुळीत करत होता. कॅमेऱ्यातलं ते ब्यूटी मोड बंद करा आणि मगच जेलला तारे द्या.

आणि माणसं. ‘मुलीची जात, त्यात चेहरा’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता कुणी तोंड उघडलं की मीच पूर्ण करते. सासरकडच्या एक काकू तर लेकीसमोरच म्हणाल्या, ‘बाई गं, आता लग्नाला लेझर करावं लागेल.’ साडेचार वर्षांच्या पोरीच्या लग्नाला! लेकीने त्या रात्री विचारलं, लेझर म्हणजे काय? मी सांगितलं, एक दिवा असतो. तिला दिवा हवाच होता. शाळेत तिने परस्पर सांगून ठेवलंय की मेळघाटात वाघाने ओरखडलं. टीचरनी मला फोन करून खात्री करून घेतली.

लेझरचं खरं उत्तर असं की, वण पक्व होईपर्यंत, साधारण वर्षभर, बरेच डॉक्टर थांबायला सांगतात. नंतर लाली उरली तर एका प्रकारचं लेझर, खडबडीतपणा राहिला तर दुसऱ्या प्रकारचं. पण इतक्या लहान मुलीला गप्प बसवायचं तर भूल द्यावी लागेल, आणि एवढ्या वणासाठी भूल द्यायची का, याचं आमचं दोघांचं उत्तर तूर्त ‘नाही’ आहे. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर तिने ठरवावं. पूर्ण पुसून टाकणारं काही नसतं, हे सर्जननी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. भरून आलेली कातडी ताकदीतसुद्धा फार तर मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत पोचते.

सध्या जेल फक्त वरच्या टोकाला, रात्री एकदा. सनस्क्रीन आणि टोपी चालूच. दिवाळीला परत दाखवायचंय.

घेणाऱ्यांसाठी : छोटीच ट्यूब घ्या. आम्हाला पाचशे-सातशेच्या घरात पडली आणि इंचभर वणाला ती काही महिने पुरते. मोठी स्वस्त वाटते, पण ती संपायच्या आत तारीख उलटते. टाक्यांचा किंवा फुगलेला वण असेल तरच घ्या. नुसता सपाट, काळपट डाग असेल तर तेच पैसे सनस्क्रीनवर घाला. आणि पट्टी वापरून बघायचीच असेल तर थंडीत बघा.