व्होल्टमीटर किट घेतलं, आधी १३.४८ दाखवत होतं

साडेसातशेला ऑनलाईन मागवलं, देवगडला पोचायला नऊ दिवस लागले, त्यातले तीन कुरिअरवाल्याने "घर सापडत नाय" म्हणून घालवले. असो. आत काय आलं तर आर्डुइनो उनोचा क्लोन (कोड टाकून चालवायच्या छोट्या बोर्डाची नक्कल), १६ बाय २ चा एलसीडी (दोन ओळी, प्रत्येकी १६ अक्षरं), २५ व्होल्टपर्यंत मोजणारं सेन्सर मॉड्युल, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खुपसायची पाटी), जंपर वायरी आणि एक झेरॉक्स काढलेला कागद. मला हे इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी हवं होतं, पावसात इकडे लाईट गेली की कधी येईल ते देवालाच माहीत, आणि बॅटरीत किती शिल्लक आहे हे आमचा इन्व्हर्टर शेवटच्या पाच मिनिटांत बोंबलून सांगतो.

जोडायला तासभर पुरला. क्लोनवर सीएच३४० नावाची यूएसबीची चिप असते, तिचा ड्रायव्हर लॅपटॉपवर वेगळा टाकावा लागतो, कागदावर त्याचं नाव नाही. स्क्रीनवर नुसते चौकोन आले, मला वाटलं मेला, तर मागचा निळा पॉट (फिरवायचा छोटा स्क्रू) स्क्रूड्रायव्हरने फिरवल्यावर अक्षरं दिसली. कुणाला तेवढं करूनही काही दिसलं नाही तर कोडमधला स्क्रीनचा पत्ता झिरो-एक्स-२७ च्या जागी झिरो-एक्स-३एफ करून बघा.

आता खरी गंमत. बॅटरीला लावला तर १३.४८! चार्जिंग बंद, बॅटरी तासभर नुसती पडून, आणि बाबांच्या जुन्या मल्टीमीटरवर १२.६२. आधी वाटलं मॉड्युल खराब, पण त्यात आहे काय तर ३० के आणि ७.५ के (के म्हणजे किलो-ओहम) असे दोन रेझिस्टर, व्होल्टेजचा पाचवा भाग करून देतात एवढंच, ते मोजले तर बरोबर. मग आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनेवर मल्टीमीटर लावला आणि तिथे ४.६८! चिप त्या व्होल्टेजलाच पट्टी धरून ० ते १०२३ मध्ये आकडा देते, आणि किटवाल्याच्या कोडमध्ये ठोकून ५.० लिहिलंय. लॅपटॉपच्या यूएसबीवर आणि त्या फुकट आलेल्या पातळ केबलवर पूर्ण पाच कुठून येणार. पट्टीच आखूड तर माप जास्तच येणार ना. कोडमध्ये ४.६८ टाकलं, लगेच १२.६१. एवढी एक ओळ कागदावर लिहायला काय जात होतं?

आणि स्क्रीनवर दशांशानंतर तीन आकडे दाखवतो तेही फसवंच आहे, या जोडणीत एक पायरीच साधारण २४ मिलिव्होल्टची पडते, तिसरा आकडा नुसता शोभेला. मी एकच ठेवलाय.

पण आर्डुइनोचा यूएसबी चार्जर बदलला की परत चूक, म्हणून शेवटी मॉड्युल काढून १५० के आणि १० के चे रेझिस्टर लावले आणि चिपच्या आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स, म्हणजे तिची स्वतःची पट्टी, वापरला. तो नेमका १.१ नसतो, प्रत्येक चिपचा थोडा वेगळा, पण एकदा मल्टीमीटरशी जुळवला की यूएसबीवर काहीही येवो आकडा हलत नाही. साडेसतरापर्यंत मोजतो, १२ च्या बॅटरीला भरपूर. हे दोन रेझिस्टर आणायला कणकवली गाठावी लागली ते सोडा.

ब्रेडबोर्डवर मात्र ठेवू नका. खाऱ्या वाऱ्याने महिन्याभरात जंपरच्या पिना काळ्या पडल्या आणि आकडे उड्या मारायला लागले, मी उगाच दोन दिवस कोड तपासत बसलो. सगळं सोल्डर केलं तेव्हा गप्प बसला.

सगळ्यात मोठा राग याचा की २३० व्होल्टच्या प्लगात हे घालू नका असं कुठेच लिहिलेलं नाही. पोरं घेतात हो ही किटं. दोन रेझिस्टरच्या भरवशावर घरच्या लाईनला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

तीन स्टार देतोय, माल चांगला म्हणून, कागदाचे दोन कापले. मल्टीमीटर घरात नसेल तर घेऊ नका, कारण जुळवणार कशाशी? काका बघून म्हणाले, "मेल्या, बल्ब लावन बघितलंस तरी कळतला बॅटरी आसा काय नाय ता." आता लाईट गेली की तेच पडवीतून ओरडून विचारतात, किती झाला रे.